अर्थशास्त्रात मानसशास्त्र शिरलं कसं? माणूस अविवेकी आहे हे त्यातून सिद्ध झालं का?

मी पुण्यात अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवते. हा विषय आला की आधी फळ्यावर दोन प्रश्न लिहिते. पहिला: ३,००० रुपये नक्की घ्याल, की ४,००० मिळण्याची ८० टक्के शक्यता? बहुतेक हात ३,०००साठी वर होतात. दुसरा: ३,००० नक्की भराल, की ४,००० भरावे लागण्याची ८० टक्के शक्यता पत्कराल? आता तीच मुलं नशीब आजमावायला तयार!

४,०००चे ८० टक्के म्हणजे ३,२००. म्हणजे मिळकतीत जास्तीचे सोडले आणि तोट्यात जास्तीचे ओढवून घेतले.

हे प्रश्न डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या इस्रायली मानसशास्त्रज्ञांचे, १९७९च्या निबंधातले. त्यात रक्कम इस्रायली पौंडांत होती. ३,००० पौंड ही तिथल्या कुटुंबाची साधारण महिन्याची मिळकत, त्यामुळे उत्तर देणाऱ्याच्या डोळ्यांपुढे अख्खा पगार यावा. पहिल्या प्रश्नात ८० टक्के लोकांनी खात्रीची रक्कम घेतली, दुसऱ्यात ९२ टक्क्यांनी धोका पत्करला.

सुरुवात त्याआधीची. १९५५मध्ये हर्बर्ट सायमन या अमेरिकी संशोधकांनी लिहिलं होतं की माणसाकडे सगळे पर्याय तपासायची ना माहिती असते, ना तेवढी आकडेमोड करायची ताकद. पुरेसं बरं वाटलं की तो थांबतो. मंडईत आपण तरी सगळे गाळे कुठे फिरतो? बरी मेथी दिसली की पिशवीत. सायमन यांना १९७८मध्ये नोबेल मिळालं, पण पाठ्यपुस्तकातला हिशेबी माणूस जागचा हलला नाही. १९७९चा निबंध मात्र 'इकॉनोमेट्रिका' या अर्थशास्त्रज्ञांच्याच नियतकालिकात, त्यांच्याच गणिती भाषेत आला. माझ्या मते दार उघडलं ते इथे. पुढे रिचर्ड थेलर या अर्थशास्त्रज्ञानेच तो धागा उचलला. कानेमन यांना २००२मध्ये नोबेल मिळालं, थेलर यांना २०१७मध्ये. ट्वर्स्की १९९६मध्येच गेले. वर्गात हे सांगताना मला दर वेळी वाईट वाटतं.

माणूस अविवेकी आहे हे यातून सिद्ध झालं का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे. 'अविवेकी' हा शब्द कानेमन यांनाही खटकायचा. चुका वाटेल तशा झाल्या असत्या तर एकमेकींना पुसून गेल्या असत्या. त्या एकाच दिशेला झुकतात, म्हणून तर त्यांचा सिद्धांत मांडता आला. माझ्या वडिलांनी एक पडलेला शेअर वर्षानुवर्षं सांभाळला. "मुद्दल सुटल्याशिवाय विकायचा नाही," म्हणायचे. हिशेबात ते कच्चे नव्हते; त्यांची सगळी नोकरी बँकेत झाली होती.