पाणी चढतं तेव्हा देठ का धावतो? (प्रश्नोत्तरे)

प्रश्न (नेरूळ): गच्चीतल्या टबात कुमुदिनी आहे. पाणी वाढवलं की तिच्या पानांचे देठ लांबतात आणि पानं पुन्हा वर येतात. माशांसाठी एअर पंप लावल्यापासून मात्र ती सुस्तावली आहे. पंपाचा संबंध असेल का?

असू शकतो. प्रत्येक झाड इथिलीन हा वाढीवर परिणाम करणारा वायू थोडाथोडा तयार करतंच. एरवी तो हवेत उडून जातो. पाण्यात वायू हवेपेक्षा सुमारे दहा हजार पटींनी सावकाश पसरतात, त्यामुळे बुडालेल्या देठात तो कोंडतो. झाडाला ‘आपण बुडालो’ हे कळतं ते यावरूनच, आणि देठ लांबू लागतो. पान पृष्ठभागावर आलं की कोंडलेला वायू सुटतो आणि वाढ मंदावते. पंपाचे बुडबुडे हेच काम पाण्याखाली करतात, इथिलीन धुऊन नेतात. कुमुदिनीच्या बाबतीत तरंगणाऱ्या पानाचा वरचा ओढही देठाला ताणतो.

खात्री करायची तर मासे असलेल्या टबातला पंप बंद करू नका. एक कुंडी पंप नसलेल्या बादलीत त्याच खोलीवर ठेवा आणि कोवळ्या पानांचे देठ मोजा. जून पानं फारशी दाद देत नाहीत. टबात पाणी भरतानाही एका वेळी पाच-सात सेंटिमीटरच वाढवा.

प्रश्न (कळवा, बी.एस्सी.ची विद्यार्थिनी): पुस्तकात इथिलीन खोड आखूड आणि जाड करतं, वाटाण्याच्या अंकुरांचं उदाहरण तर ठरलेलंच. मग पाण्याखालच्या भातात तेच इथिलीन खोड लांबवतं कसं?

प्रश्न नेमका आहे. लांबवण्याचं काम इथिलीन स्वतः करत नाही, ते जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक करतं. खोल पाण्यातल्या भातात इथिलीन वाढलं की ॲब्सिसिक आम्ल मोडणारं विकर जागं होतं. हे आम्ल वाढीचा ब्रेक आहे. ते काही तासांत घसरतं, जिबरेलिनचं प्रमाण वाढतं आणि ऊतीही त्याला जास्त दाद देते. मग कांड्याच्या तळाशी असलेल्या विभाजी ऊतीत नव्या पेशी पडतात आणि लगेच ताणल्या जातात. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या पूरक्षेत्रात पिकणारं हे भात दिवसाला २० ते २५ सेंटिमीटरपर्यंत वाढू शकतं. पॅक्लोब्युट्राझोलसारख्या रसायनाने जिबरेलिनची निर्मिती अडवली, तर इथिलीन कितीही दिलं तरी कांडं जेमतेम हलतं.

जपानी संशोधकांनी २००९ साली या भातातली ‘स्नॉर्कल-१’ आणि ‘स्नॉर्कल-२’ ही कांडी लांबवणारी जनुकं दाखवली. २०१८ मध्ये आणखी एक दुवा सापडला, आणि आमच्या मते तो जास्त गमतीदार आहे: ‘एसडी-१’. याच जनुकाचा बिघडलेला प्रकार १९६६ च्या आयआर-८ या बुटक्या भातात आहे. हरितक्रांतीने तो बुटकेपणासाठी निवडला, तर खोल पाण्यातल्या भातात त्याचाच शाबूत प्रकार इथिलीनच्या इशाऱ्यावर जिबरेलिन बनवतो. एकच जनुक, एकीकडे मोडलेलं कामाला आलं, दुसरीकडे धडधाकट.

परीक्षेत मात्र ‘इथिलीन, मग ॲब्सिसिक आम्लाची घट, मग जिबरेलिन’ हा क्रम उलटा लिहू नका.

प्रश्न (शीळफाटा परिसर, शेतकरी): लावणीनंतर खाचर आठवडाभर बुडालं. पाणी ओसरल्यावर रोपं लांबुळकी होऊन आडवी झाली. उंची वाढली तर फायदा व्हायला हवा होता ना?

ही वाढ म्हणजे पैज आहे. शेंडा पाण्याबाहेर निघाला तरच ती फळते. गढूळ पाण्याखाली उजेड कमी, प्रकाशसंश्लेषण जवळपास थांबलेलं, आणि रोप साठवलेली साखर लांब होण्यात उधळतं. पूर आठ-दहा दिवसांत ओसरणारा असेल, तर गप्प बसणारं रोप जास्त टिकतं. ओडिशाच्या एफआर-१३-ए या वाणातलं ‘सब-१-ए’ हे जनुक तेच करतं: जिबरेलिनला दाद देणं दाबून ठेवतं. ते घातलेलं स्वर्णा-सब-१ दोन आठवड्यांच्या आसपास बुडून राहू शकतं. पण हा वाण गरवा (उशिरा तयार होणारा) आहे, ओल लवकर तुटणाऱ्या हळव्या (लवकर तयार होणाऱ्या) भाताच्या खाचरात तो नेऊ नका.

आता काय करायचं? पाणी उतरवा, पण जमीन भेगाळू देऊ नका. पानांवर बसलेला गाळ धुवा. युरिया लगेच टाकू नका, नवं पान दिसू लागेपर्यंत साधारण पाच-सात दिवस थांबा. पूर येण्याच्या आधी नत्र जास्त झालं असेल तरी रोपं जास्त मरतात. पुढच्या वर्षी फार कोवळं रोप न लावता थोडं जून, जाड बुंध्याचं लावा. आणि दुकानदार ‘टॉनिक’ म्हणून जिबरेलिक आम्ल, म्हणजे जिबरेलिनच, देऊ करेल, तर बुडालेल्या भातावर ते मुळीच फवारू नका. उरलीसुरली साखरही लांब होण्यातच जाईल. आंब्यासाठी आणलेलं पॅक्लोब्युट्राझोलही खाचरात ओतू नका, ते मातीत बराच काळ राहतं.

प्रश्न (ऐरोली): खाडीतली तिवरंही भरतीत बुडतात. तीही अशीच वाढतात का?

नाही. भरती काही तासांत उतरते, त्यामुळे उंची वाढवून काही हाती लागत नाही. तिवर चिखलातून वर आलेल्या श्वसनमुळांतून हवा घेतं.

प्रश्न (घोडबंदर रोड, शिक्षक): शाळेत हे दाखवता येईल का?

येईल. एकाच वाणाची, दोन आठवड्यांची भाताची रोपं छोट्या कुंड्यांत घ्या. प्रत्येक कुंडीत दहा, किमान तीन कुंड्या बुडवायच्या आणि तीन बाहेर. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून पारदर्शक पिंपात भरा. शेंड्यावर निदान दहा सेंटिमीटर पाणी हवं. उंची आधी मोजा, सातव्या दिवशी पुन्हा मोजा. मग पाणी काढून आणखी दहा दिवसांनी किती जगली ते मोजा. उंचीइतकाच हा दुसरा आकडा महत्त्वाचा.

प्रयोग फसतो तो बहुधा दोन कारणांनी. एखादं पान पाण्याबाहेर राहतं, त्यातून ऑक्सिजन आत येतो आणि इथिलीन निसटतं. किंवा पिंप उन्हात असतं, शेवाळ चढतं आणि त्याने सोडलेल्या ऑक्सिजनमुळे निकाल बदलतो. पिंप खिडकीजवळ, थेट ऊन न लागणाऱ्या जागी ठेवा आणि कुंड्या तरंगू नयेत म्हणून मातीवर खडी पसरा.