आजोबांचे बक्कल आणि त्यावरचा मुकुट

प्रश्न : माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीबरोबर इटलीत लढले. त्यांच्या ट्रंकेत लष्करी पट्ट्याचे एक पितळी बक्कल मिळाले. मधोमध पांढऱ्या धातूची गोल चकती असून तीवर मुकुट आणि ‘गॉट मिट उन्स’ अशी अक्षरे आहेत. एका व्यापाऱ्याच्या मते चकती चांदीची आणि बक्कल हिटलरच्या सैन्याचे आहे. ते अस्सल असेल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : व्यापाऱ्याची दोन्ही विधाने चुकीची आहेत. ‘देव आमच्यासोबत’ अशा अर्थाचे हे ब्रीद प्रशिया या जर्मन राज्याच्या सैनिकांच्या बक्कलांवर १८४७ पासून होते आणि मुकुट हे प्रशियाच्या राजाचे चिन्ह होते. राजेशाही १९१८ मध्ये संपली. हिटलरच्या भूसेनेच्या बक्कलावर ब्रीद तेच राहिले, पण १९३६ पासून मुकुटाच्या जागी स्वस्तिक धरलेला गरुड आला. चकतीत चांदीही नसावी. अस्सल बक्कलांवर ती तांबे, निकेल आणि जस्त यांच्या मिश्रधातूची, म्हणजे जर्मन सिल्व्हरची असे. आपल्याकडे ‘जर्मनचे पातेले’ म्हणतात ते मात्र ॲल्युमिनियमचे, आणि गंमत म्हणजे हिटलरच्या सैन्याची सुरुवातीची कित्येक बक्कले त्याच ॲल्युमिनियमची होती.

आता मुख्य अडचण. मराठा पलटणीतील यशवंत घाडगे यांना इटलीतल्या ज्या लढाईसाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला ती १० जुलै १९४४ ची, म्हणजे मराठा पलटणींसमोर इटलीत जे जर्मन सैनिक उभे होते त्यांच्या कमरेला गरुडाचे बक्कल होते. मुकुटाचे बक्कल तेव्हा किमान पंचवीस वर्षे जुने झालेले होते. आजोबांना ते कुठल्या घरात किंवा बाजारात मिळाले असेल, हे अशक्य नाही; पण रणांगणावरच्या शत्रूच्या कमरेचे म्हणून ते मांडता येणार नाही. घरची आठवण आणि धातूची साक्ष या दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्यात, असे मला वाटते, कारण या छंदात सर्वाधिक फसवणूक वस्तूपेक्षा तिच्याबरोबर येणाऱ्या गोष्टीमुळे होते.

अस्सलपणा पाहायचा तर बक्कल पालथे करा. नकला करणारे दर्शनी बाजूवर मेहनत घेतात आणि पाठीकडे दुर्लक्ष करतात. जुनी बक्कले पत्र्यावर ठसा मारून घडवलेली असत. त्यामुळे अक्षरांच्या कडा धारदार असतात आणि चकती वेगळी करून डाख देऊन बसवलेली दिसते. अस्सल बक्कलावरून साचा घेऊन ओतलेल्या नकलेत कडा बोथट होतात, भिंगाखाली बारीक छिद्रे आणि दाणेदारपणा दिसतो, शिवाय धातू थंड होताना आक्रसत असल्याने ती मूळ वस्तूपेक्षा किंचित लहान भरते. एखाद्या खात्रीच्या नमुन्याशी व्हर्नियर कॅलिपरने मापे ताडून पाहिल्यास हा फरक पकडता येतो. मागे चामड्याची पट्टी शिल्लक असेल तर तीवर कारखान्याचे नाव आणि साल उमटलेले असू शकते. ते बक्कलाच्या धातूशी जुळते का, हेही पाहावे. पितळेच्या टंचाईमुळे १९१५ पासून करड्या-हिरव्या रंगाची पोलादी बक्कले निघाली. लोहचुंबकाचा उपयोग अशा बक्कलासाठी. पितळ आणि जर्मन सिल्व्हर दोन्ही त्याला चिकटत नाहीत, म्हणून आपल्या बक्कलाबाबत त्यावरून काहीच सिद्ध होणार नाही.

कृपा करून ते पितांबरीने किंवा चिंचेने घासू नका. खाचांत साचलेले जंगाल आणि वापराने गुळगुळीत झालेला हुकाचा भाग हाच तर पुरावा असतो, आणि सगळीकडे सारखा पसरलेला हिरवा थर दिसला तर उलट संशय घ्यावा.

प्रश्न : असेच एक बक्कल अमेरिकेतील मुलाला पाठवायचे आहे. काही अडचण येईल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : येईल. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार ऐतिहासिक महत्त्वाची, शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि तिची निर्यात खासगी व्यक्तीला करता येत नाही. मुकुटाचे बक्कल अस्सल असेल तर ते शंभरी ओलांडलेले आहे. ते नक्कल निघाले तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून ‘पुरावस्तू नाही’ असे प्रमाणपत्र घेऊन पाठवा. विमानतळावर वाद घालण्यापेक्षा ते सोपे पडेल.