लंडनला मॅच बघायला निघालेल्या तासगावच्या दादांसाठी: अर्जात ईमेल तुमचाच टाका

दादा, तुम्ही लिहिलंय की चौघं मिळून जूनअखेरीला विमेन्स टी-२० वर्ल्डकपला, आपल्या स्मृती मानधनाची मॅच बघायला लंडनला निघालाय आणि एजंट म्हणतोय विमान, हॉटेल, व्हिसा सगळ्याचे पैसे आत्ताच एकरकमी भरा, फॉर्मबिर्म आम्ही बघतो, तुम्ही फक्त सह्या करा. हे वाचून राहवलं नाही. २०२४ ला आम्ही पॅरिसच्या पॅरालिम्पिकला गेलो तेव्हा इथल्याच एका ऑफिसात मला अगदी हेच ऐकवलं होतं. नाव विचारू नका, देणार नाही.

कपडे, चार्जर, प्लग वगैरे सांगत बसत नाही, ते तुम्हाला कळतं. आमचं काय झालं तेवढं नीट वाचा. त्या ऑफिसने अर्जात ईमेल आणि मोबाईल नंबर स्वतःचा टाकला, आम्हाला पत्ताच नाही. म्हणजे व्हिसा सेंटरचे सगळे मेसेज त्यांच्याकडे. १५ ऑगस्टला जोडून पार राखीपौर्णिमेपर्यंत ऑफिसला कुलूप, फोन कोणी उचलेना, आणि 'पासपोर्ट घेऊन जा' हा मेसेज नेमका त्याच सुट्टीत येऊन पडलेला. ऑफिस उघडल्यावर विचारलं तर काउंटरवरच्या पोराने कॉम्प्युटरकडे न बघताच सांगितलं, अजून काही आलं नाही. मग काय, विमानाची तारीख पुढं ढकलली, त्याचा दंड भरला, हॉटेलच्या पहिल्या रात्री नॉन-रिफंडेबल म्हणून गेल्या, आणि २८ ऑगस्टचं प्लास द ला कॉन्कॉर्डवरचं उद्घाटन आम्ही घरी टीव्हीवर बघितलं. शेवटी मेव्हणा अर्जाची पावती घेऊन पुण्याच्या सेंटरवर गेला तेव्हा कळलं, पासपोर्ट तिथं कधीचे येऊन पडलेत! भांडायला गेलो तर हातात काय, एक पावती आणि तिच्यावर एकच ओळ, 'युरोप टूर पॅकेज, पूर्ण रक्कम जमा'. विमानाचे किती, हॉटेलचे किती, व्हिसा फी किती, काही नाही. मालक म्हणाला उशीर एम्बसीचा, आमचा संबंध नाही. आजही आठवलं की डोकं फिरतं, कारण पैशाचं एक वेळ जाऊ दे, पण म्हाताऱ्या वडिलांना ते उद्घाटन बघायचं होतं.

म्हणून माझं स्पष्ट मत, फॉर्म स्वतः भरा. मी काही व्हिसा एक्स्पर्ट नाही, नियम बदलत राहतात, तेव्हा भरण्याआधी यूके सरकारची साइट एकदा वाचाच. तिथंच सरळ लिहिलंय की व्हिसा हातात येईपर्यंत प्रवासाचे आणि राहण्याचे पैसे भरू नका. एजंट बरोबर उलटं सांगतोय. अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो, बोटांचे ठसे द्यायला पुण्याला जायचं, त्यानंतर साधारण तीन आठवड्यांत निकाल येतो. इंग्रजीची अडचण असेल तर कॉलेजातलं भाचंपुतणं शेजारी बसवा, पण ईमेल आणि नंबर तुमचाच. एजंटकडूनच करायचं असेल तर प्रत्येक गोष्टीची वेगळी पावती मागा, देत नसेल तर उठा. आणि मॅचचं तिकीट असलं की व्हिसा पक्का असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, तसं कुठंच नसतं.

तुम्ही बागायतदार आहात म्हणून अजून एक. शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळे इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये आकडा बारीक दिसतो. अर्जाच्या तोंडावर बेदाण्याचे पैसे एकदम खात्यात आले तर बघणाऱ्याला वाटतं उसने आणून दाखवलेत. अडत्याची पट्टी, म्हणजे माल विकल्याचा हिशेब, जोडा, सातबाराचं इंग्रजी भाषांतर प्रमाणित करून जोडा, पैसा कुठून आला ते एका पानात लिहा.

हॉटेलचं सांगायचं तर आमच्या व्हाउचरवर 'पॅरिस' लिहिलेलं, निघालं मार्न-ला-व्हॅलीला, डिस्नीलँडच्या बाजूला. ४ सप्टेंबरला सकाळी तिथून आरईआरने, म्हणजे पॅरिसच्या लोकलने, शातले स्टेशनला, तिथं गाडी बदलून स्टाड द फ्रान्स स्टेडियम, आणि सगळा वेळ जीव टांगणीला कारण त्या दिवशी आपल्या आटपाडी तालुक्यातल्या करगणीचा सचिन खिलारी गोळाफेकीत उतरणार होता. पोचलो वेळेत. १६.३२ मीटर, रौप्य! वडील उभं राहून 'करगणी, करगणी' ओरडत होते आणि पुढच्या रांगेतली फ्रेंच पोरं वळून बघत होती, मग तीपण टाळ्या वाजवायला लागली.

तुमची २८ जूनची ऑस्ट्रेलियाची मॅच आणि ५ जुलैची फायनल लॉर्ड्सला आहे, स्टेशन सेंट जॉन्स वुड, लंडन मेट्रोची ज्युबिली लाईन. तेव्हा राहायचं त्याच लाईनवर बघा. वेम्बली पार्कहून गाडी न बदलता जाता येतं, पलीकडे ईलिंग रोडला शाकाहारी जेवण भरपूर मिळतं. फक्त वेम्बली स्टेडियमवर मोठा कार्यक्रम असला की तिथली हॉटेलं महागतात, तारखा तपासून घ्या. त्यात २९ जूनपासून विम्बल्डन, म्हणजे सगळं लंडनच महाग, त्यामुळे फ्री कॅन्सलेशनवालं आत्ताच धरून ठेवा, पैसे नंतर. लंडनचं महाराष्ट्र मंडळ त्याच लाईनवर डॉलिस हिलला आहे, १९३२ पासूनचं, जमलं तर जाऊन या. सेमीफायनल मात्र ओव्हलला, ते नदीच्या पलीकडे. आणि १४ जूनची पाकिस्तानची मॅच लंडनमध्ये नाहीच, ती बर्मिंगहॅमला आहे, कोणी 'लंडन पॅकेज'मध्ये घालून विकत असेल तर रेल्वेचं कोण बघणार ते आधी विचारा. पॅरिसलापण असंच होतं, कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने ऑलिम्पिकला ज्या शूटिंग रेंजवर ब्राँझ मारलं ते शातोरू पॅरिसपासून अडीचशेच्या वर किलोमीटर.

ट्यूबला, म्हणजे तिथल्या मेट्रोला, वेगळं तिकीट काढायला लागत नाही, बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड टेकवलं की झालं, पण एका कार्डावर एकच माणूस. चौघांची चार कार्डं घ्या आणि इंटरनॅशनल वापर निघायच्या आधी बँकेतून चालू करून घ्या.