सहा वर्षांनी पुन्हा वस्तीत

प्रिय मुली,

तुझा मेसेज रात्री साडेअकराला आला होता. मी तो सकाळी वाचला आणि त्यातलं एक वाक्य दिवसभर मनात घोळत राहिलं. वस्तीतल्या समाजकार्यात परत यायचंय असं लिहून तू पुढे विचारलं होतंस, "ताई, सहा वर्षं घरात गेली, आता मला कोण विचारणार?" आधी फोनच करणार होते, पण हे फोनवर उरकण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसले.

बायोडेटाचं आधी संपवते. २०१९ ते २०२५ ही वर्षं गाळू नकोस आणि ती भरायला काही रचूही नकोस. 'सासूबाईंचा अर्धांगवायू, लहान मूल, पूर्णवेळ शुश्रूषा' एवढं एका ओळीत लिही. मुलाखतीत विचारलं तर तेवढंच सांग. माफी मागितल्यासारखं बोलू नकोस.

मला काळजी वाटते ती वेगळ्या गोष्टीची, आणि ती माझ्याच अनुभवातून आली आहे. मी २००० मध्ये काम सोडलं आणि २००७ च्या सुरुवातीला परत आले. दुसऱ्याच आठवड्यात पुण्यातल्या पर्वतीच्या पायथ्याकडची एक बाई माझ्यासमोर येऊन बसली. कोपरापासून मनगटापर्यंत हात काळानिळा पडलेला, पदराखाली झाकलेला. नवरा मारत होता आणि आता 'घरातून नीघ' म्हणत होता. खोलीचा फोटोपास, म्हणजे झोपडीधारकाचं ओळखपत्र, त्याच्या नावावर. मी तिला माझ्या डोक्यात पक्के बसलेले दोन रस्ते सांगितले, ४९८अ ची, म्हणजे नवऱ्याच्या छळाची पोलीस तक्रार, किंवा पोटगीचा दावा. मुलांच्या बापाला आत टाकायची तिची तयारी नव्हती आणि पोटगीसाठी कोर्टाच्या तारखा घालणं परवडणारं नव्हतं. चार दिवसांनी ती दोन मुलांना घेऊन माहेरी निघून गेली. मुलीची शाळा तिथेच सुटली.

आता ऐक. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासूनच लागू झाला होता. संरक्षण अधिकाऱ्याकडे डीआयआर, म्हणजे घरातल्या हिंसाचाराचा अहवाल, भरून, नवऱ्याला अटक न करवता, त्याच खोलीत राहू द्यावं म्हणून कोर्टाचा आदेश मागता आला असता. मिळालाच असता असं म्हणत नाही, पण मागता आला असता. मी हे तिला सांगितलं नाही, कारण मला ते माहीत नव्हतं. आणि माहीत नाही हेही मला माहीत नव्हतं. सात वर्षांपूर्वीची माहिती मी अगदी ठामपणे सांगितली, आणि तिने माझ्यावर विश्वास ठेवला. तो काळानिळा हात मला अजून दिसतो.

म्हणून तुला पहिलं सांगणं हे, की तुझ्या ठामपणाला काही दिवस आवर घाल. तू घरात होतीस तेवढ्यात पायाखालची जमीन बरीच सरकली आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता गेली. आपण तोंडपाठ म्हणतो ते ४९८अ आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८५ झालंय, आणि जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं पोटगीचं १२५ हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ वर आलंय. वस्तीतल्या बायका अजून 'चारशे अठ्ठ्याण्णव'च म्हणतात, म्हणू देत, पण तुझ्या अर्जात चुकता कामा नये. ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असंही सांगितलं, की घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असलं तरी तिथे राहण्याचा हक्क सुनेला मागता येतो. तू काम सोडलंस तेव्हा याचं उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असं यायचं. दत्तकाचे आदेश १ सप्टेंबर २०२२ पासून न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. मुलांच्या मदतीचा १०९८ हा नंबर तोच आहे, पण २०२३ पासून तो सरकारी यंत्रणेकडे गेला आणि आणीबाणीच्या ११२ ला जोडला गेला, त्यामुळे फोन उचलणारी तुझ्या ओळखीची माणसं आता तिथे नसतील. बालसंगोपन योजनेत महिन्याला २२५० रुपये मिळतात. कोविडमध्ये आई-बाप गेलेल्या मुलांच्या घरी गेलीस तर हे आधी विचार, कितीतरी घरांनी अर्जच केलेला नसतो.

हे सगळं एका महिन्यात पाठ कर असं मी म्हणत नाही. मला हवी आहे ती एक सवय. समोरच्या बाईला म्हणता आलं पाहिजे, "हे मला आज नक्की माहीत नाही, उद्या विचारून सांगते." आणि मग उद्या खरंच सांगायचं. मी पाहिलंय, यामुळे बायकांचा आपल्यावरचा विश्वास कमी होत नाही.

दुसरी गोष्ट जरा नाजूक आहे. तुला सगळे सांगतील की घरातली सहा वर्षं वाया गेली नाहीत, त्यातून तू खूप शिकलीस. ते खरंच आहे. दर दोन तासांनी माणसाला कुशीवर वळवणं, पाठीवर जखम होऊ नये म्हणून रात्री उठून बघणं, आणि पहाटे चारला त्याच माणसाचा राग येणं, मग त्या रागाची लाज वाटणं, हे समाजकार्याच्या पदवीच्या, एमएसडब्ल्यूच्या, कुठल्या वर्गात शिकवतात? वस्तीत अंथरुणाला खिळलेलं माणूस सांभाळणारी बाई तू दारातूनच ओळखशील.

पण त्यातच धोका आहे. तिचं घर बघताना तुला तुझं घर दिसायला लागेल. तू निभावलंस, म्हणून तिनेही निभावावं असं नकळत वाटेल. किंवा तुला जे म्हणता आलं नाही ते तिच्या तोंडून वदवून घ्यावंसं वाटेल. दोन्ही तिच्यावर अन्याय आहे. समाजकार्य शिकताना कर्वे संस्थेत आपल्याकडून प्रोसेस रेकॉर्डिंग लिहून घ्यायचे, आठवतंय? ती काय म्हणाली ते तिच्या शब्दांत, आपण काय म्हणालो ते आपल्या शब्दांत, आणि त्या वेळी आपल्या मनात काय आलं ते वेगळं. तेव्हा कंटाळा यायचा. पहिले तीन महिने रोज रात्री एका तरी भेटीचं असं लिही. ज्या पानावर तुझं बोलणं तिच्यापेक्षा जास्त झालेलं दिसेल, ते पान घेऊन माझ्याकडे ये.

वस्तीही बदलली आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढा घरांमधून गेला, ते तू टीव्हीवर पाहिलं असशील. तू ओळखत होतीस त्यातली काही कुटुंबं आता पुनर्वसनाच्या उंच इमारतींत राहतात. आपली पूर्वीची गृहभेट म्हणजे उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडता निवडता झालेलं बोलणं. आता लिफ्ट आहे, बंद दार आहे, आणि बेल वाजवली की आधी नवरा दार उघडतो. बायका भेटतात त्या खाली पार्किंगमध्ये, अंगणवाडी सुटताना. तिथे उभं राहायला शीक. अंगणवाडी सेविका, आशाताई आणि महापालिकेची समूहसंघटिका या तिघींना पहिल्याच आठवड्यात भेट. त्यांच्याकडून वस्ती समजून घे, त्यांना काही शिकवायला जाऊ नकोस.

आणि फोन. तेव्हाही फोन होते, पण आता सगळं व्हॉट्सअॅपवर चालतं आणि बऱ्याच बायकांचा फोन घरातलं कुणीतरी उघडून बघतं. स्वतःहून कधीच मेसेज टाकू नकोस. पहिल्या भेटीतच विचार, "फोन कधी केलेला चालेल? दुसऱ्या कुणी उचलला तर मी कोण म्हणून सांगू?" एका बाईने मला 'शिलाई मशीनवाल्या ताई' म्हणून सेव्ह केलं होतं. तिच्या नवऱ्याने दोनदा फोन उचलला, आणि दोन्ही वेळा मी मशीनच्या हप्त्याबद्दल बोलले.

नोकरीबद्दल थोडं. २०२० मध्ये परदेशी निधीच्या कायद्यात बदल झाला. तो निधी एका संस्थेने दुसरीला द्यायला बंदी आली, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. त्यात बऱ्याच छोट्या संस्था आखडल्या. आता बराचसा पैसा सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक निधीचा आहे, त्यामुळे अहवाल, एक्सेल आणि फोटो फार मागतात. एक्सेल शीक, ते अवघड नाही. फोटोबाबत मात्र अडून राहा. ज्या मुलाची केस चालू आहे त्याची ओळख उघड करायला कायद्याने मनाई आहे, मग देणगीदार कितीही मोठा असो. पगार विचारायला लाजू नकोस. "सेवा आहे, थोडं समजून घ्या" असं म्हणतील. प्रवासखर्च, सुट्ट्या आणि नेमणूकपत्र लेखी माग. इतकी चांगली माणसं या कामातून थकून बाहेर पडली आहेत, की हे सांगताना मला आता संकोच वाटत नाही. तूही सुरुवातीला अर्धवेळच घे. मूल सहा वर्षांचं आहे, आणि सासूबाईंना जाऊन अजून वर्षही झालेलं नाही. त्यांच्या खोलीतला पलंग अजून तसाच आहे, असं तू मागे म्हणाली होतीस.

येत्या गुरुवारी मी जनता वसाहतीत जाणार आहे. दहा वाजता दांडेकर पुलाच्या चौकात भेट. वर चढ आहे आणि पायऱ्या निसरड्या आहेत, तेव्हा बूट घाल. कोरी वही आण. त्या दिवशी तू काही बोलायचं नाहीस, नुसतं माझ्याबरोबर बसायचं. लेकाची शाळा साडेबाराला सुटते ना? बाराला तुला खाली आणून सोडते.

तुझी,
ताई