पुढचा ग्रुप हलत नसेल तर गोल्फ खेळताना एकाग्रता कशी टिकवायची?

तुम्ही लिहिलंय की पहिले नऊ होल ४४ फटक्यांत होतात, मग पुढचा ग्रुप रेंगाळायला लागतो आणि उरलेले नऊ ५२ वर जातात. चार-साडेचार तास लक्ष एकाग्र ठेवायचं कसं, असा प्रश्न आहे.

ठेवायचंच नाही. मी तरी तो नाद सोडला आणि तेव्हापासून बरं चाललंय.

आधी हिशोब बघा. एका फटक्याला ४० सेकंदांपेक्षा जास्त वेळ लावू नये, अशी नियमांतच शिफारस आहे. तुमचे ४४ आणि ५२ मिळून ९६ फटके झाले. प्रत्येकाला पुरे ४० सेकंद दिले तरी ६४ मिनिटं होतात. साडेचार तासांतले बाकीचे साडेतीन तास चालण्यात, बॉल शोधण्यात आणि पुढच्यांच्या पाठीकडे बघण्यात जातात. त्या सगळ्या वेळात डोकं ताणून ठेवलं तर चौदाव्या होलला ते थकणारच. तुमचा स्विंग बिघडलेला नसतो, डोक्यातलं पेट्रोल संपलेलं असतं.

पेट्रोलवरून आठवलं. बेळगावच्या उद्यमबागेत माझं छोटं मशीन शॉप आहे, त्यामुळे टिळकवाडीच्या रेल्वे गेटांशी जुना संबंध. दुसरं गेट पडलं की दोन तऱ्हेची माणसं दिसतात. एक जण इंजिन चालूच ठेवतो, अ‍ॅक्सिलरेटर पिळत राहतो, चाक इंच इंच पुढे सरकवत अगदी दांड्याला नेऊन टेकवतो. दुसरा किल्ली बंद करतो, पाय टेकतो, शेजारच्या स्कूटरवाल्याशी पावसापाण्याचं बोलतो आणि शेवटचा डबा दिसला की किल्ली फिरवतो. दोघं रूळ ओलांडतात एकाच वेळी. पहिला मात्र पलीकडे पोचेपर्यंत कुणाशी तरी भांडलेला असतो.

मी पहिल्यातला होतो. गेटवरही आणि कोर्सवरही.

गोल्फ मला उशिरा लागला, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. मराठा लाईट इन्फंट्रीच्या गावात शेजारी फौजी असणं काही नवल नाही. तशाच एका निवृत्त शेजाऱ्यानं मला कॅम्पात नेऊन हातात सात नंबरचं आयर्न, म्हणजे लोखंडी डोक्याचा क्लब (काठी), दिलं. दोन वर्षांत हँडिकॅप (ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण किती जास्त लागतात तो आकडा) एकोणीसवर आला आणि तिथंच चिकटला. का चिकटला, ते एका डिसेंबरच्या सकाळी कळलं.

पार थ्री होता, म्हणजे तीन फटक्यांत संपवायचा होल. टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, आमच्या आधी एक ग्रुप थांबलेला, ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक गवतावर, दुसरा. ग्रीनवरचे चौघं पटची (बॉल भोकात ढकलायच्या हलक्या फटक्याची) रेषा चारही बाजूंनी वाकून वाकून बघत होते, जणू जमिनीची मोजणी चाललीय. मी क्लब हातात घेऊन उभा. प्रॅक्टिस स्विंग केले, एक, दोन, सहा. मग वाटलं हवा थंड आहे, सातऐवजी सहा घ्यावा. मग वाटलं नको, सातच बरा. मग शेजाऱ्याला पुढच्या ग्रुपबद्दल दोन शब्द ऐकवले, जे इथं लिहिण्यासारखे नाहीत. बारा-तेरा मिनिटांनी पाळी आली तेव्हा बोटं गार पडलेली, खांदे आखडलेले आणि डोक्यात दोन क्लब. बॉल सरळ निलगिरीच्या झाडांत गेला.

माझा कॅडी (बॅग वाहणारा सोबती) बैलहोंगलकडचा, घरी कानडी बोलणारा. बॅग उचलत तो शांतपणे म्हणाला, "निधान, सर." मराठी कानाला ते 'निदान' ऐकू आलं. म्हटलं, निदान काय? निदान बॉल तरी सापडेल? तो हसला. कानडीत निधान म्हणजे सावकाश, दमानं. पुढे त्यानंच सांगितलं, "तुमी थांबताना लई खेळता, सर. मारायला काय उरत नाही."

या एका वाक्यावर मी पुढचं वर्षभर काम केलं.

आता मी काय करतो ते सांगतो. फटका मारला की ग्लोव्ह काढायचा. व्हेलक्रोचा तो चर्र आवाज झाला की गोल्फ बंद. ग्लोव्ह मागच्या खिशात, क्लब बॅगेत. पाळी येईपर्यंत क्लबला हात लावायचा नाही, कारण हातात क्लब असला की हात वळवळतात आणि हात वळवळले की डोकं स्विंग दुरुस्त करायला बसतं. पुढच्या ग्रुपकडे बघायचंही नाही. हे सगळ्यांत अवघड आहे. त्यांच्याकडे पाठ करून उभं राहिलात तर अर्धा राग तिथंच कमी होतो. पाळी येतेय यावर कॅडी नाहीतर जोडीदार नजर ठेवतोच.

बोलायचं असेल तर गोल्फ सोडून काहीही. आम्ही कॅडीच्या जोंधळ्याबद्दल बोलतो, येळ्ळूरच्या बासमतीबद्दल बोलतो, यंदा बटाट्याला काय दर लागला यावर वाद घालतो. एकटे असाल तर एखादं झाड निवडा आणि त्याच्यावर किती पक्षी आहेत ते मोजा. हसू नका, मोजणारं डोकं चिडत नाही.

आणि चाल हळू करा. आम्ही काय करतो, भराभरा बॉलपाशी पोचतो आणि मग तिथं खांबासारखे पाच मिनिटं उभे राहतो. त्यापेक्षा तेवढंच अंतर रमतगमत चाला. उभं राहण्यापेक्षा चालणं अंगालाही बरं, स्नायू गार पडत नाहीत.

पुढचा ग्रुप ग्रीनवरून झेंडा लावून निघाला की ग्लोव्ह घालायचा. पुन्हा चर्र. आता गोल्फ चालू. दोन अर्धे स्विंग, अंगात ऊब येण्यापुरते. मग अंतर आणि वारा नव्यानं बघायचा. दहा मिनिटांपूर्वी ठरवलेला क्लब शिळा झालेला असतो, इथला वारा तेवढ्यात बदलतो. एकदाच ठरवायचं, बॉलच्या मागे उभं राहून. स्वीडनची गोल्फपटू अनिका सोरेनस्टॅम हिची ही पद्धत प्रसिद्ध आहे: विचार करायची जागा बॉलच्या मागे, मारायची जागा बॉलशेजारी, मध्ये एक मनातली रेघ. रेघ ओलांडली की विचार बंद. ओलांडल्यावर शंका आलीच तर मागे या, पुन्हा सुरुवात करा. चाळीस सेकंदांत हे आरामात बसतं.

मोठ्या खेळाडूंनाही हे चुकलेलं नाही. २०१८ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियात टोरी पाइन्सच्या कोर्सवर, स्पर्धेच्या शेवटच्या होलला जे. बी. होम्सनं एका फटक्याचा विचार करण्यात चार मिनिटांहून जास्त वेळ घेतला. त्याच ग्रुपमधला अ‍ॅलेक्स नोरेन बाजूला ताटकळत होता. नोरेनची बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी) झाली असती तर तो तिथंच जिंकला असता. झाला पार, मग बरोबरीत राहिलेल्यांचा प्लेऑफ, आणि दुसऱ्या दिवशी स्पर्धा जेसन डेनं नेली. नोरेन थांबल्यामुळेच हरला असं मी म्हणत नाही, पण त्या चार मिनिटांत त्याच्या जागी मी असतो तर क्लब चावून खाल्ला असता.

उलट बाजूही सांगतो, कारण ती मला जरा उशिरा दिसली. आपला ग्रुपही कुणाच्या तरी पुढे असतोच. २०१९ पासून बॉल शोधायला पाचऐवजी तीनच मिनिटं मिळतात, हे आमच्यातल्या निम्म्यांना ठाऊक नव्हतं. स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे एकूण फटके मोजायच्या खेळात, धोका नसेल तर जो तयार तो आधी मारू शकतो, दंड बसत नाही. आणि दंड बसायचा तेव्हा मुलालाही बसतो: २०१३ च्या मास्टर्स स्पर्धेत चौदा वर्षांच्या ग्वान तियानलांगला संथ खेळासाठी एक फटका भरावा लागला. तरी त्यानं कट, म्हणजे दोन दिवसांनंतरची चाळणी, पार केला, पोरगं भारी होतं.

पुढच्यांच्या पुढे पूर्ण एक होल मोकळा दिसत असेल तर पुढच्या टीवर जाऊन विचारा, आम्ही पुढे निघू का म्हणून. नमस्कार करून विचारलं तर बहुतेक जण 'या की' म्हणतात. त्यांच्या अंगावर बॉल टाकून आठवण करून देणारे लोक मी पाहिलेत. ते कृपा करून करू नका, टाळकी फुटतात. आणि त्यांच्याही पुढे गर्दी असेल तर विचारण्यात अर्थ नाही, मग पक्षी मोजा.

खाण्याचं विचारलं नाहीत, पण सातव्या आणि तेराव्या होलच्या आसपास मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा किंवा एखादं केळं खा. आमच्यातला एक जण डब्यात कुंदा, म्हणजे आमच्याकडची खव्याची मिठाई, आणतो. कुंदा घरी खावा. चार चमचे खाल्ले की पंधराव्या होलला झोप येते, हे चौघांनी मिळून सिद्ध केलंय.

मोबाईल मात्र नको. वाटतं वेळ जाईल, पण एक मेसेज आला की कारखान्यातली बिघडलेली लेथ टीवर येऊन उभी राहते.

रोज जमतं असं नाही. गेल्या महिन्यात पावसात अडकलो, लाल चिखलात बूट रुतलेले, पुढे पाच जणांचा ग्रुप, आणि मी पुन्हा प्रॅक्टिस स्विंग करत उभा. कॅडीनं नुसतं माझ्या खिशाकडे बोट दाखवलं. ग्लोव्ह तिथं नव्हताच, हातात होता.

या पद्धतीत खर्च एकच आहे. ग्लोव्ह इतक्यांदा काढला-घातला की दोन महिन्यांत व्हेलक्रो धरेनासा होतो. मी शहापूरच्या शिंप्याकडून नवी पट्टी शिवून घेतो, तीस रुपये पडतात.