वर्ड विकत न घेता शोधप्रकल्प लिहिता येईल का?

प्रश्न : मी लातूर जिल्ह्यातील एका महाविद्यालयात अर्थशास्त्र विषयात एम.ए. करीत आहे. शोधप्रकल्प मराठीत लिहायचा आहे आणि मार्गदर्शक सर प्रत्येक प्रकरण ‘वर्ड फाइल’मध्ये मागतात. चुलतभावाने दिलेल्या जुन्या लॅपटॉपवरील मायक्रोसॉफ्ट ऑफिसची मुदत संपल्यामुळे फाइल उघडते, पण तिच्यात काही लिहिता येत नाही. दरवर्षी वर्गणी भरणे घरच्यांना परवडणारे नाही. तालुक्याच्या गावातील एक दुकानदार तीनशे रुपयांत ‘लाइफटाइम ऑफिस’ टाकून देतो म्हणतो. मी काय करावे?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : सरांना हवी आहे ती डॉकएक्स (.docx) या वर्डच्या प्रकारची फाइल. ती कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये तयार झाली, याच्याशी त्यांना काही कर्तव्य असण्याचे कारण नाही. ही फाइल एक पैसाही न देता, कायदेशीर मार्गाने तयार करता येते. त्यामुळे पैसे भरण्याचा विचार सर्वांत शेवटी करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिली चौकशी महाविद्यालयातच करा. महाविद्यालयाने विद्यार्थ्यांना स्वतःचा ईमेल पत्ता दिला असेल आणि संस्था मायक्रोसॉफ्टच्या शैक्षणिक योजनेत नोंदलेली असेल, तर वर्ड, एक्सेल आणि पॉवरपॉइंट ब्राउझरमध्ये मोफत वापरता येतात. असा पत्ता नसला तरी मायक्रोसॉफ्टच्या साध्या मोफत खात्यावरही ही सोय मिळते, फक्त साठवणीची जागा ५ जीबी असते. गूगल डॉक्सही डॉकएक्स फाइल देते. मात्र या सोयींची भिस्त इंटरनेटवर असते, आणि शंभर पानांचा मजकूर, तक्ते व तळटीपा ब्राउझरमध्ये सांभाळणे त्रासाचे होते. शोधप्रकल्पासाठी सॉफ्टवेअर लॅपटॉपवरच असावे.

त्यासाठी लिब्रेऑफिस घ्यावे. २०१० साली ओपनऑफिसपासून वेगळे झालेले, वर्ड-एक्सेलसारखी कामे करणारे हे मुक्त सॉफ्टवेअर बर्लिन येथील ‘द डॉक्युमेंट फाउंडेशन’ ही संस्था सांभाळते. त्याला वर्गणी नाही, मुदत नाही आणि ते जुन्या लॅपटॉपवरही चालते. एमएस-सीआयटीच्या वर्गात वर्ड शिकलेल्यांना त्याची मांडणी सुरुवातीला परकी वाटते. ‘व्ह्यू’मधील ‘यूजर इंटरफेस’मध्ये जाऊन ‘टॅब्ड’ हा पर्याय निवडला की वर्डसारखी पट्टी वर येते. पुढे ‘टूल्स’मधील ‘ऑप्शन्स’मध्ये ‘लोड/सेव्ह’ या भागात नेहमीसाठी वर्डचा डॉकएक्स प्रकार निवडून ठेवा. एरवी मी लिब्रेऑफिसच्या स्वतःच्या ओडीटी प्रकाराची शिफारस केली असती. परंतु तुमची फाइल सरांच्या दुरुस्त्या घेऊन पुन्हा पुन्हा तुमच्याकडे येणार आहे, आणि दर फेरीला प्रकार बदलत राहिल्यास तक्ते हलण्याची शक्यता वाढते.

मराठी मजकुराबाबत मात्र थोडी जास्त काळजी घ्यावी लागते. लिब्रेऑफिसमध्ये इंग्रजी आणि देवनागरी यांचे फाँट व आकार वेगवेगळे नोंदलेले असतात. भाषेच्या सेटिंगमध्ये ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ सुरू करून तेथे मराठी निवडा. मग परिच्छेदाच्या स्टाइलमध्ये देवनागरीचा फाँट आणि आकार स्वतंत्रपणे ठरवता येतो. हे न केल्यास इंग्रजी शब्द बारा पॉइंटात आणि मराठी शब्द भलत्याच आकारात, असे पान तयार होते आणि दोष सॉफ्टवेअरला दिला जातो. फाँट युनिकोड या सर्वमान्य अक्षर-संकेतावर आधारलेलाच हवा आणि तो सरांच्या संगणकावरही असायला हवा. निर्मला यूआय हा विंडोज ८ पासून विंडोजबरोबरच येतो, म्हणून तो सोयीचा. एखादे प्रकरण आधीच डीटीपीच्या दुकानात श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप करून घेतले असेल, तर ते कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा. पण त्यानंतर रफार, जोडाक्षरे आणि अवतरणचिन्हे डोळ्यांखालून घातल्याशिवाय पुढे जाऊ नका.

ओळी खालीवर होण्याची तक्रारही बहुतेक वेळा फाँटमुळेच उद्भवते. वर्डमधील कॅलिब्री हा इंग्रजी फाँट नसेल तर लिब्रेऑफिस त्याच रुंदीचा कार्लिटो वापरते, म्हणून इंग्रजी मजकूर सहसा जागचा हलत नाही; देवनागरीत मात्र फाँट बदलला की ओळ तुटण्याची जागा बदलते आणि त्याबरोबर पानांचे क्रमांकही. म्हणून प्रकरणांच्या शीर्षकांना ‘हेडिंग’ स्टाइल द्या आणि अनुक्रमणिका आपोआप तयार करून घ्या. छपाईला आणि विभागात सादर करायला पीडीएफच द्या.

सर्वेक्षणाची आकडेवारी लिब्रेऑफिसमधील कॅल्क या एक्सेलसारख्या प्रोग्राममध्ये भरा. त्यातील ‘डेटा’ या मेनूत ‘स्टॅटिस्टिक्स’ हा विभाग असून सहसंबंध, प्रतिगमन, टी-चाचणी आणि अनोव्हा तेथे आहेत; एम.ए.च्या प्रकल्पाला एवढे सहसा पुरते. एक्सेलचे मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या आज्ञांचे संच) मात्र कॅल्कमध्ये नेहमी चालतातच असे नाही. संदर्भसूचीसाठी झोटेरो हे मोफत सॉफ्टवेअर लिब्रेऑफिसला जोडता येते.

आता त्या तीनशे रुपयांविषयी. एवढ्या किमतीत जे टाकून मिळते, ते बहुधा चोरीचे असते किंवा एखाद्या संस्थेला दिलेली, ऑफिस सुरू करण्याची सांकेतिक चावी परस्पर विकलेली असते, आणि ती केव्हाही रद्द होऊ शकते. कुलूप तोडणारा प्रोग्राम चालवण्यासाठी अँटिव्हायरस बंद करायला सांगितले जाते. म्हणजे प्रकल्पाची सगळी आकडेवारी ज्या लॅपटॉपवर आहे, त्याचेच दार आपण उघडे टाकतो. शिवाय १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ बी नुसार संगणक प्रोग्रामची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणे हा गुन्हा असून त्यासाठी ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड सांगितला आहे. व्यापारी लाभासाठी वापर नसल्यास न्यायालय शिक्षा सौम्य करू शकते, तरीही या वाटेला तुम्ही जाऊ नये.

पुढे नवा लॅपटॉप घेण्याचा योग आला, तर बिलावर ऑफिसचा उल्लेख आहे का ते जरूर पाहा. अनेक लॅपटॉपबरोबर ऑफिसचा कायमचा परवाना येतो. पण तो मुदतीच्या आत आपल्या खात्याला जोडून घ्यावा लागतो, आणि बरेच विद्यार्थी नेमके हेच विसरतात.

संपूर्ण प्रकल्प लिहायला बसण्याआधी दोन-तीन पानांची एक नमुना फाइल तयार करा. तिच्यात एक तक्ता, एक तळटीप आणि एक आलेख असू द्या. ती सरांना पाठवून त्यांच्या संगणकावर उघडून पाहायला सांगा आणि त्यांनी शेरे घालून परत पाठवलेली फाइल तुमच्याकडे नीट उघडते का, ते तपासा. काही बिघडले तर फाँट आणि तक्त्यापासून शोध सुरू करा.