साभार परत आलेल्या कथा आणि न सुचण्याचे दुखणे

२ वर्षांत ११ कथा पाठवल्या, अकराही साभार परत आल्या, आणि आता लिहायला बसले की काहीच सुचत नाही. अशा वेळी स्फूर्ती आणायची कुठून, असा आपला प्रश्न आहे. माझ्याजवळचा नकारपत्रांचा गठ्ठा माझ्या छापून आलेल्या साहित्यापेक्षा जाड आहे, तेव्हा या विषयावर चार शब्द लिहिण्याचा अधिकार मला आहे असे समजतो.

मला आपल्या प्रश्नातच एक गफलत दिसते. आपले सुचणे थांबले आहे असे आपण गृहीत धरले आहे. मला ते खरे वाटत नाही. माझ्यावर अशीच वेळ आली होती तेव्हा जवळजवळ ७ महिने माझ्या हातून एक परिच्छेदही पुरा झाला नाही. मात्र त्याच काळात दूर राहणाऱ्या एका मित्राला मी आठ-आठ पानी पत्रे लिहीत होतो, त्यांत माणसे होती, प्रसंग होते, थट्टा होती, आणि ती लिहिताना पेन कुठे अडत नव्हते. हा विरोधाभास लक्षात आल्यावर मी स्वतःवर थोडी पाळत ठेवली. तेव्हा असे दिसले की, कथा लिहायला घेतली की पहिल्याच वाक्याला एक न पाहिलेला संपादक माझ्या शेजारी येऊन बसतो आणि वाक्य कागदावर उतरण्याआधीच नापसंतीने मान हलवतो. दुसऱ्याने द्यायचा नकार मी स्वतःच आगाऊ देऊन मोकळा होत होतो. पत्र लिहिताना हा गृहस्थ तिथे नसे, कारण पत्र कोणाच्या पसंतीस उतरायचे नव्हते.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की, कुठेही पाठवायचे नाही असे ठरवूनच काही काळ लिहावे. मी त्यासाठी एक वेगळी वही केली. रोज अर्धा तास, त्या दिवशी पाहिलेली किंवा ऐकलेली एकच गोष्ट लिहायची, तिची कथा करायची नाही, तिच्यातून अर्थ काढायचा नाही, एवढाच नियम. पहिले ३ आठवडे जे लिहिले ते अगदीच रटाळ होते, हे कबूल केले पाहिजे. मग एके दिवशी रुग्णालयाच्या प्रतीक्षाकक्षात एक मनुष्य आपल्या वडिलांच्या चपला मांडीवर धरून दोन तास बसलेला पाहिला आणि घरी येऊन तेवढेच लिहून ठेवले. त्यावर लगेच कथा लिहिण्याचा मोह मी आवरला नाही, आणि ती अर्थातच फसली. सुमारे ८ महिन्यांनी ती नोंद पुन्हा वाचताना ध्यानात आले की, कथा त्या मनुष्याची नाहीच. समोरच्या बाकावरून त्याच्याकडे पाहत बसलेल्या आणि स्वतःच्या वडिलांना भेटायला कधीच न गेलेल्या माणसाची ती आहे. ती कथा मी ४ दिवसांत लिहिली. ज्याला आपण स्फूर्ती म्हणतो ती मला बहुधा अशीच, आधी नोंदलेल्या आणि विसरलेल्या गोष्टींतून भेटली आहे.

आता नकाराविषयी. १९४४ साली जॉर्ज ऑर्वेल यांची ‘ॲनिमल फार्म’ ही सोव्हिएत राजवटीवर रूपकातून टीका करणारी कादंबरी अनेक प्रकाशकांनी नाकारली. फेबर या प्रकाशनसंस्थेच्या वतीने कवी टी. एस. एलियट यांनी जे पत्र लिहिले, त्यात लेखनाची प्रशंसाच होती. अडचण होती ती पुस्तकाच्या राजकीय भूमिकेची, कारण सोव्हिएत रशिया तेव्हा युद्धात ब्रिटनच्या बाजूने लढत होता. पुढच्याच वर्षी ते पुस्तक दुसरीकडून प्रसिद्ध झाले. विल्यम गोल्डिंग यांच्या ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ या कादंबरीचे बाडही बऱ्याच ठिकाणांहून परत आले होते. अखेर चार्ल्स माँटिथ या नवख्या संपादकाने ते नाकारलेल्या बाडांतून उचलले, पण जसेच्या तसे स्वीकारले नाही. अणुयुद्धाचे वर्णन असलेला आरंभीचा भाग त्यांनी काढायला लावला आणि १९५४ मध्ये पुस्तक निघाले. गंमत अशी की, माँटिथ यांची संस्थाही फेबरच. पहिल्या नकाराला लेखकाजवळ उपाय नव्हता, दुसऱ्या हस्तलिखितावर मात्र खरोखरच काम करायचे होते. आपल्या अकरा नकारांतही या दोन्ही जाती असणार. सर्वांना सारख्याच छापील मजकुरात येणाऱ्या नकारातून काहीही शिकण्यासारखे नसते. अंक भरला असेल, त्याच विषयावरची दुसरी कथा आधीच घेतली असेल, आपल्याला ते कधी कळत नाही. परंतु एकमेकांना न ओळखणारे तीन वाचक एकाच जागी अडखळले, तर ती जागा तपासावी. ‘कथा उशिरा सुरू होते’ हे मला तीनदा ऐकावे लागले, मी दोनदा रागावलो, आणि तिसऱ्यांदा चार कथांची पहिली दोन-दोन पाने काढून टाकली. त्यांतल्या तीन कथांचे काहीही बिघडले नाही!

पाठवणे आणि लिहिणे यांचे दिवस वेगळे ठेवावेत. मी महिन्यातून एकच दिवस पाकिटांचा ठेवतो: कथेचे नाव, कुठे पाठवली, केव्हा, उत्तर काय आले, एवढी नोंद करतो आणि परत आल्यास पुढे कुठे पाठवायची तेही आधीच लिहून ठेवतो. शिवाय पुढच्या कथेची निदान दोन पाने झाल्याखेरीज आधीची कथा पाठवत नाही. उत्तर येईल तेव्हा मन दुसऱ्या कोणात तरी गुंतलेले असते.

नकारातूनच प्रेरणा घ्यावी, असे सांगणारे पुष्कळ भेटतील. माझा त्यावर विश्वास नाही. संतापाच्या भरात मनुष्य आठवडाभर लिहितो, आणि ते लेखन बहुतेक वेळा नाकारणाऱ्याला उद्देशूनच झालेले असते.

आपण विचारलेच आहे तर एक काम सुचवतो. त्या अकरा कथा बाहेर न काढता, केवळ आठवून, प्रत्येकीतील एक माणूस कागदावर उतरवा. काहींमधला कोणीच आठवणार नाही. त्या कथा तशाच राहू द्याव्यात. जो मात्र न बोलावता पुढे येईल, त्याला त्या जुन्या कथानकातून बाहेर आणून, तो आज सकाळी काय करत होता, येथून वहीत लिहायला घ्या.